मामाजींचा दीड मण

केशोरावांनी त्या दिवशी फक्त एक लोखंडी गोळा उचलून बाजूला ठेवायचं ठरवलं होतं. एवढंच. पुढचे पाच महिने घरात जे काही झालं ते सगळं त्या गोळ्याने केलं, असं ते आजही सांगतात.

गोळा थोरल्या मुलाचा, गोवर्धनचा. म्हणजे शाळेचा, पण सरावासाठी त्याने घरी आणलेला. केशोराव गोंदियाच्या राईस मिलमधून आले की पडवीत जिथं आरामखुर्ची टाकत, नेमका तिथंच तो पडून होता. समोर यादोराव ड्रिल मास्तर चहा पीत बसलेले. जानेवारीत नागपूरला शाळाशाळांचे सामने होते, आणि गोवर्धनला गोळाफेकीसाठी, धाकट्या नंदलालला पळण्यासाठी पाठवा म्हणून ते गळ घालायला आले होते. केशोरावांनी पाहुण्यासमोर, बोलता बोलता, एका हाताने गोळा उचलला. म्हणजे उचलू गेले. गोळा थोडा वर आला, केशोराव पुष्कळ खाली गेले, आणि हातातून सुटलेला गोळा पाण्याच्या पितळी गुंडीवर जाऊन बसला. (त्या गुंडीत तेव्हापासून दोन तांबे पाणी कमी मावतं.)

मुलं हसली नाहीत. हसली असती तर बरं झालं असतं. गोवर्धन आला, कवठ उचलावं तसा त्याने गोळा उचलला, कोपऱ्यात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "लागलं तं नाई जी, बाबूजी?"

ते मात्र फार लागलं.

"पाठवत नाही," केशोराव धोतर झटकत म्हणाले. "मॅट्रिकचं साल आहे. अन् ताकद ताकद काय करून राहिले मास्तर? मेहनत केली का कोणालेही येते. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी आणून दाखवीन."

"दाखवा मग," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पिशवीतून मुंबईला छापलेलं एक पातळसं पुस्तक काढलं. 'प्रौढ गृहस्थांसाठी शक्तिसाधन'. पान एकतीस. तिथं लिहिलं होतं की चाळिशी ओलांडलेल्या गृहस्थाने पाच महिन्यांच्या अभ्यासाअंती दीड मण वजन खांद्यावर घेऊन पंचवीस पावले चालावे.

शर्त तिथल्या तिथं ठरली. संक्रांतीपर्यंत केशोरावांनी हे केलं तर मुलं घरी बसून अभ्यास करणार. नाही जमलं तर मुलं नागपूरला जाणार, आणि केशोराव 'ब्र' काढणार नाहीत. केशोराव मिलमध्ये वजनकाट्याचे मुनशी होते. त्यांनी आपल्या धंद्याला शोभेल असं कलम वर जोडलं, "किताबात लिहिलं तेवढंच वजन. ना छटाक कमी, ना छटाक जास्ती."

हे सगळं दाराआडून प्रेमिला ऐकत होती. गोवर्धनशी तिचं लग्न होऊन जेमतेम चार महिने झाले होते. माहेर वऱ्हाडातलं, कारंज्याचं. वडील कापसाच्या बाजारात. सासरी रीत अशी की नव्या सुनेने सासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, सासऱ्याशी बोलायचं नाही. ती ही रीत इतकी मनापासून पाळत होती की मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, तिचा आवाज कसा आहे हेही ठाऊक नव्हतं.

ते त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. कारण जोर काढताना चष्मा नाकावर राहत नव्हता, आणि चष्म्याशिवाय पुस्तक दिसत नव्हतं. पोरं पहाटेच मैदानावर जात. आत्याबाईंना, म्हणजे सासू सुशिलाबाईंना, वाचता येत नव्हतं. उरली चौथी पास प्रेमिला.

"तिनं बोलाचं नाई तं वाचावं कसं?" केशोरावांनी बायकोला विचारलं.

"दाराआडून वाचंल ना. किताब वाचणं म्हणजे का बोलणं होय?" सुशिलाबाईंनी निकाल दिला.

झालं. रोज सकाळी अंगणात लंगोट लावून केशोराव उभे, आणि दाराच्या फटीतून शुद्ध, छापील हुकूम सुटत आहेत, "गृहस्थाने पाय जुळवून उभे राहावे. गृहस्थाने गुडघे हळूहळू वाकवावे." गृहस्थ गुडघे वाकवत. सरळ कसे करावे हे पुढच्या पानावर असे, आणि पान उलटेपर्यंत गृहस्थ तसेच.

एकदा तर मोठाच घोटाळा झाला. "गृहस्थाने दीर्घ श्वास घेऊन छातीत रोखून धरावा," इथवर प्रेमिलाने वाचलं आणि आत चुलीवरचं दूध उतू गेलं. ती धावली. दूध उतरवलं, चूल पुसली, मांजर हाकललं. तोवर अंगणातून सुशिलाबाईंची आरोळी आली, "वो सूनबाई! सोड म्हण ना बाप्पा! कायले जीव घेऊन राहिली माणसाचा?"

प्रेमिला पळत आली. मामाजी जास्वंदीसारखे लाल होऊन ताठ उभे होते, डोळे दाराकडे. तिने घाईघाईने वाचलं, "...व हळूहळू सोडावा." हळूहळू कसला! तुळशीजवळच्या दोन चिमण्या उडून गेल्या.

पहिला महिना कण्हण्यात गेला. बैठक मारून खाली गेलेल्या वडिलांना वर काढायला दोन्ही मुलं लागत. पण पोरं मोठी गुणी. शर्त त्यांच्याविरुद्ध, तरी शाळेतून आल्यावर तीच बापाचे मास्तर होत. "पाठ सरळ, बाबूजी." "दम तोंडानं नाई, नाकानं." नंदलाल मोजायचा आणि बापावर दया येऊन मधले दोन-तीन आकडे गाळायचा. केशोराव ओरडायचे, "मोजणीत लबाडी नाही पायजे! अठरा झाले, एकवीस काऊन म्हणतोस?"

दसरा उलटेपर्यंत केशोरावांना आपल्या दंडात काहीतरी आहे असं वाटू लागलं. (सुशिलाबाईंनी दाबून पाहिलं आणि "आहे थोडंसं" म्हणाल्या.) ते स्वतः संध्याकाळी मैदानावर जाऊ लागले. गोवर्धनने गोळा फेकला की आपल्या गजाने पुन्हा मोजायचे आणि घरी येऊन सांगायचे, "मास्तरानं पाव इंच कमी धरला." जेवताना मुलांच्या ताटात आपल्या हाताने तूप वाढायचे. नागपूरचं नाव मात्र काढायचे नाहीत. शब्द म्हणजे शब्द.

मग पोतं आलं. केशोरावांनी मिलच्या काट्यावर स्वतः तोललेलं, दीड मण धानाचं, बरोब्बर साठ शेर. उदाराम हमालाने ते बैलबंडीवरून उतरवून खांद्यावर घेतलं. ते कुठं ठेवायचं यावर केशोराव दहा मिनिटं विचार करत राहिले, आणि उदाराम पोतं खांद्यावर ठेवूनच बिडी ओढत, गप्पा मारत उभा.

"हे उचलाले किताब कायले पायजे जी, मुनशीजी?" तो म्हणाला. "मी तं रोज अडीच अडीच मणाचे बोरे वाहतो. मले तं कोणी छापलं नाई."

त्या पोत्याने केशोरावांना रडवलं. गुडघ्यापर्यंत यायचं, पुढे यायचं नाही. खांद्यापर्यंत आलं एकदा, तर त्याच वेगाने पलीकडे गेलं. रात्री जेवताना ते खिन्न होऊन म्हणायचे, "मुंबईचे म्हातारे दीड दीड मण उचलून फिरतात. आपणच असे कसे भुसकट?"

आणि अशातच, कार्तिकात, प्रेमिलाला शेवटचं पान सापडलं.

केशोराव अंगाला तेल लावून पुस्तक हाताळत, त्यामुळे शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटून गेली होती. प्रेमिलाने ती भाताच्या वाफेवर धरून अलगद सोडवली. आत बारीक अक्षरात एक टीप होती. ती वाचून प्रेमिला मटकन चुलीपुढे बसली. तिने बोटांवर हिशेब केला. पुन्हा केला. मग पदर तोंडात धरून हसली, आणि मग हसू थांबवून घाबरली.

टिपेत म्हटलं होतं, या पुस्तकातील मण हा मुंबईचा, म्हणजे अठ्ठावीस रत्तलांचा समजावा. कारंज्याला कापसाच्या बाजारात मण असतो तो हाच, अठ्ठावीस रत्तलांचा, म्हणजे पौंडांचा. तो तिच्या बापाने तिला मुळाक्षरांबरोबर शिकवला होता. पण गोंदियात मण म्हणजे रेल्वेचा मण, चाळीस शेरांचा, ब्याऐंशी रत्तलांचा. पुस्तक बेचाळीस रत्तल उचला म्हणत होतं. मामाजी एकशे तेवीस रत्तलांशी झुंजत होते. पंचवीस शेरांचं गाठोडं घेऊन तर त्यांनी नवरात्रातच अंगणाला फेरी मारली होती. म्हणजे शर्त ते हवी तेव्हा जिंकू शकत होते, आणि त्यांना ते माहीत नव्हतं!

तिने नवऱ्याला गाठून सांगितलं. गोवर्धनचा चेहरा उतरला.

"कोणाले सांगू नको," तो म्हणाला.

"अन् मामाजींची कंबर?"

"कंबर मी चोळून देईन."

"हे बरोबर नाही दिसत मले."

"मले तरी कुठं दिसते?" तो म्हणाला. "पण पुढच्या वर्षी मी शाळेत नसीन. नागपूर एकदाच येते."

त्या दिवसापासून गोवर्धन रोज बापाची कंबर चोळू लागला, आणि केशोराव साऱ्या मिलमध्ये "माझा पोरगा म्हणजे श्रावणबाळ" असं सांगत फिरू लागले. ते ऐकून गोवर्धन आणखी जोराने चोळायचा. प्रेमिला गप्प राहिली. (नव्या सुनेचं एक बरं असतं, ती गप्प बसली तर कोणाला संशय येत नाही.) पण रोज सकाळी पुस्तक उघडलं की तिचा आवाज थोडा चाचरायचा.

संक्रांतीला अंगण भरलं. यादोराव मास्तर छातीवर शिट्टी लावून आले. उदाराम साक्षीला आला. आळीतल्या बायका कुंपणावरून डोकावत होत्या. सुशिलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "नाई उचललं तरी चालंल जी. पण पाडाचं असंल तं गुंडीवर नोको पाडू."

केशोराव वाकले. पोतं गुडघ्यावर आलं. गुडघ्यावरून छातीवर आलं. तिथं ते इतका वेळ राहिलं की मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली. मग केशोरावांच्या घशातून एक आवाज निघाला आणि पोतं मानेमागे दोन्ही खांद्यांवर आडवं बसलं.

"एक!" नंदलाल ओरडला. "दोन! तीन!"

एकही आकडा न गाळता तो मोजत होता. बावीस पावलांवर अंगण संपलं आणि फाटक आलं, याचा विचार कोणी केला नव्हता. केशोराव थांबले असते तर पोतं पडलं असतं. ते फाटकात शिरले. तेवीस. चोवीस. आणि आडवं पोतं चौकटीत अडकलं. केशोराव मध्ये, पोतं दोन्ही खांबांना, ना पुढे ना मागे.

एक पाऊल. ते पडलं नाही तर मुलं नागपूरला.

"तिरपे व्हा जी, बाबूजी! तिरपे!" गोवर्धन ओरडला. तो पुढे धावला होता, गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होता. "डावा खांदा खाली! पाठ सरळ! एकच राहिलं, बाबूजी!"

केशोरावांनी डावा खांदा खाली केला, रेटा दिला आणि पंचविसावं पाऊल रस्त्यावर पडलं. चौकटीचा उजवा खांबही त्यांच्याबरोबर रस्त्यावर आला.

केवढा गलका झाला! उदारामने मुनशीजींच्या पाठीवर अशी थाप मारली की ते पोत्यावरच बसले. नंदलाल नाचत होता. मग हळूहळू तो थांबला. गोवर्धन उभा होता तिथंच हसऱ्या तोंडाने उभा राहिला, पण हसू एकटंच उरलं होतं.

केशोरावांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. "जिंकलो," ते म्हणाले. हरलेल्या माणसाने म्हणावं तसं म्हणाले.

तेवढ्यात दाराआडून आवाज आला. रोजचाच, छापील, शुद्ध आवाज. पण आज तो चाचरत नव्हता.

"टीप," प्रेमिला वाचत होती. "या पुस्तकातील मण हा मुंबईचा, म्हणजे अठ्ठावीस रत्तलांचा समजावा. गृहस्थाने दीड मण म्हणजे बेचाळीस रत्तलच उचलावे."

ती थांबली. मग पुस्तकात नसलेलं एक वाक्य तिने त्याच आवाजात वाचून टाकलं, "गृहस्थाने एकशे तेवीस उचलू नये."

मास्तरांनी दारातून पुस्तक मागवलं. टीप वाचली. दोनदा वाचली. "मुनशीजी," ते म्हणाले, "किताबातलं वजन तुम्ही उचललंच नाही. जवळपास तिप्पट उचललं. तुमच्याच कलमानं छटाकही जास्ती चालत नव्हतं."

वजनकाट्याचा मुनशी, आणि मण चुकला! केशोरावांचं तोंड आधी एवढंसं झालं. मग तिप्पट हा शब्द हळूहळू त्यांच्या आत उतरत गेला, आणि जसजसा उतरला तसतशी छाती वर आली.

"हरलो!" ते पोत्यावरून उठून गरजले. "शर्त साफ हरलो! पण ऐकलं का? तिप्पट हरलो! पोरं हो, बोचकी बांधा!"

नागपूरला गोवर्धनचा दुसरा नंबर आला, नंदलालचा चौथा. केशोराव बरोबर गेले होतेच. जाताना तिरोडा स्टेशन येईपर्यंत डब्यातल्या प्रत्येकाला त्यांचा दीड मण ठाऊक झाला होता. परत येताना मात्र ते गोवर्धनचा बक्षिसाचा पेला मांडीवर घेऊन बसले होते, आणि कोणी नुसतं पाहिलं तरी सांगत होते, "माझ्या पोराचा आहे."

घरी आल्यावर त्यांनी पुस्तकाच्या मुंबईच्या प्रकाशकाला पत्र लिहायचं ठरवलं. ते सांगत गेले, दाराआड प्रेमिला लिहीत गेली. (लिहिणं म्हणजेही काही बोलणं नव्हे, असा आत्याबाईंचा नवा निकाल होता.) वय सत्तेचाळीस. वजन मुंबईच्या मापाने चार मणांवर. मिलच्या काट्यावर बरोब्बर तोललेलं. पुढच्या आवृत्तीत नाव छापण्यास हरकत नाही.

उत्तर फाल्गुनात आलं. केशोरावांनी ते बंदच ठेवलं आणि यादोराव मास्तरांना, उदारामला, मिलमधल्या चार माणसांना चहाला बोलावून घेतलं. सगळे बसल्यावर लिफाफा दाराआड गेला. प्रेमिलाने तो फोडला. आतून कागद उलटसुलट केल्याचा तेवढा आवाज आला.

"वाच ना, सूनबाई," केशोराव आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी थेट बोलले. "लाजू नको."

"आपले पत्र पावले," प्रेमिला वाचू लागली. "सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाने चार मणांवर वजन उचलणे शास्त्रास मान्य नाही. तरी आपल्या मिलमधील काट्यावर कोण बसतो याची आपण चौकशी करावी, आणि तो मनुष्य ताबडतोब बदलावा."