पहिलं ऑइल आणि समोरची सीट

कारध्याला हिरालालच्या अंगणात नवा ट्रक उभा राहिला आणि मंगलाबाईंनी एकच हट्ट धरला. दिवाळीनंतर लाखांदूरला, त्यांच्या माहेरी, मंडईची जत्रा भरते. तिथं यंदा ट्रकच्या समोरच्या सीटवर बसून जायचं. सगळ्या बहिणी येणार, दंडारीचं नाटक बघायला गाव लोटणार, आणि त्या गर्दीत हॉर्न वाजवत आपण उतरायचं! तांदूळ निवडताना त्यांनी हे चित्र इतक्या वेळा पाहिलं होतं की उतरताना पदर कुठल्या खांद्यावर घ्यायचा, तेही ठरलं होतं.

"पहिलं ऑइल बदललं का जाऊ," हिरालाल म्हणायचा.

शोरूमवाल्यानं सांगितलं होतं, पहिलं ऑइल बदलेपर्यंत गाडी जपून चालवा. हिरालालनं ते फारच मनावर घेतलं. माल नाही, माणूस नाही, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही. संध्याकाळी वैनगंगेवरून वारा आला की तो एकटाच ट्रकमध्ये जाऊन बसे, इंजिन सुरू करी आणि डोळे मिटून ऐके. त्या घरघरीत त्याला रायपूर दिसे, कोलकाता दिसे, कधी न पाहिलेला समुद्रही दिसे. हा आवाज जन्मभर असाच राहावा, एवढंच त्याचं मागणं होतं. म्हणजे ऑइल उत्तमच हवं.

आता उत्तम कोणतं, हे विचारायला तो ट्रक घेऊन जवाहरनगरला गेला. तिथं केशवराव होते, फॅक्टरीतून रिटायर झालेले.

"पातळ टाक," केशवराव म्हणाले. "नवीन इंजिन हाये. पातळ ऑइल कोन्याकोपऱ्यात जाते."

तिथून तो भंडाऱ्याला, कमलेशच्या स्पेअर पार्टच्या दुकानात.

"पातळ?" कमलेश हसत सुटला. "भाऊ, ट्रक हाये का शिलाई मशीन? दाट टाका. कोनं सांगतलं तुमाले पातळ?"

हिरालाल पुन्हा जवाहरनगरला. केशवराव भडकले. हिरालाल पुन्हा भंडाऱ्याला. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या दोन माणसांचं भांडण असं हिरालालच्या डिझेलवर रंगलं. दोघांनीही बाटलीत थोडं थोडं ऑइल नमुना म्हणून दिलं. हिरालालनं दोन्ही बाटल्या खिडकीत ठेवल्या. सकाळच्या उन्हात एक मधासारखी दिसे, दुसरी गुळाच्या पाकासारखी. तो समोर बसून राही, चहा निवून जाई.

"मले पाह्यले आलते तवा एवढं निरखून नाही पाह्यलं तुमी," मंगलाबाई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

शेवटी कोणाचंच मन मोडायला नको म्हणून त्यानं दोन्हीच्या कॅन घेतल्या. मंडईच्या दिवशी सकाळी त्या समोरच्या सीटवर ठेवल्या, कलंडू नयेत म्हणून बेल्ट लावला आणि सर्व्हिस सेंटरकडे निघाला.

"बस जायच्या आंधी या," मंगलाबाईंनी बजावलं. "नाही त मी चालली."

मेकॅनिकनं मीटर पाहिलं. "काका, पहिल्या ऑइलचे किलोमीटर त कवाचेच निघून गेले! कुठचा माल टाकून राहिले?"

"माल नाही बाप्पा. ऑइल कोनतं टाकाचं, ते इचारून राहिलो होतो."

"आमी बाहेरचं टाकतच नाही." मेकॅनिकनं ड्रमची नळी थेट इंजिनात सोडली. ऑइल पातळ होतं की दाट, हे हिरालालला दिसलंसुद्धा नाही.

घरी आला तर दाराला कुलूप. त्यानं ट्रक लाखांदूरकडे, पवनीच्या रस्त्यानं पळवला आणि अड्याळच्या स्टँडवर बस गाठली. मंगलाबाई खिडकीत होत्या.

"मंगला, उतर! ऑइल बदललं!"

मंगलाबाईंनी वाकून ट्रकमध्ये पाहिलं. "समोर त ह्या दोन सवती बसवल्या तुमी. बेल्टगिल्ट लावून. मी कुठी बसू?"

"त्याहिले मांगं टाकतो ना!"

"टाका. पन मी तिकीट काढलं. खिडकीची जागा भेटली मले." कंडक्टरनं घंटी मारली.

मग हिरालाल बसच्या मागेच राहिला. बस थांबली की ट्रक थांबे, बस सुटली की ट्रक सुटे. लाखांदूरला मंगलाबाई उतरल्या, पदर ठरल्या खांद्यावर घेऊन. बहिणींनी मागचा ट्रक पाहिला.

"मंगलीचं सामान बसमंधी मावलं नसन वं," थोरली म्हणाली. मंगलाबाईंनी तिला दुरुस्त केलं नाही.

पोरं ट्रकला हात लावतील म्हणून हिरालाल मंडईभर ट्रकपाशीच उभा होता. दंडार त्यानं नुसती लांबून ऐकली.

दुसऱ्या दिवशी निघताना मंगलाबाईंनी सीटवरचं प्लास्टिक स्वतःच्या हातानं टरकन ओढून काढलं आणि बसल्या. दोन्ही बाजूंनी पिवळं धान, रस्ता रिकामा, आणि मंगलाबाईंचं तोंड सुरू. कोण आलं, कोण रुसलं, दंडारीतल्या राजाची मिशी भर खेळात कशी पडली. कारधा आलं, तेव्हा हिरालाल एकदम हळहळला.

"अवं, नव्या ऑइलवर इंजिन कसं वाजते, आयकाचंच राह्यलं!"

"मंग मारा एक चक्कर. मी नाही बोलत."

मंगलाबाई खरंच गप्प बसल्या. ट्रक वैनगंगेच्या पुलाकडे निघाला. ऊन उतरत होतं, पाणी चमकत होतं, इंजिन एका लयीत घुमत होतं. हिरालालनं पूल येईपर्यंत कसाबसा धीर धरला.

"मंगला," तो म्हणाला, "त्या राजाची मिशी पडली, मंग काय झालं वं?"