मूत्रपिंडाविषयी नम्र निवेदन

रोग लवकर ओळखणं हे शास्त्र आहे. तो लवकर सांगणं हा उद्धटपणा आहे. जपानमधल्या कानाझावातल्या आमच्या रुग्णालयाने दोन्हींचा मेळ घातला, याचा सूचना-शिष्टाचार समितीचा सदस्य म्हणून मला अभिमान वाटतो.

हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर कधीकधी मूत्रपिंड रुसतं. रक्ततपासणीत ते कळेपर्यंत एकदोन दिवस जातात. आमचं यंत्र लघवी तपासून काही तासांतच ओळखायचं. पण प्राध्यापक इनुकाई एका रुग्णाला "सगळं उत्तम झालं" म्हणत असतानाच ते ओरडलं, "मूत्रपिंडाला इजा!" प्राध्यापकांचे कान लाल झाले. (रुग्ण वाचला. त्याची चर्चा झाली नाही.)

समितीने यंत्राला वळण लावलं. आता ते आधी व्यत्ययाबद्दल क्षमा मागतं, मग हवापाण्याचे दोन शब्द, मग शल्यविशारद, त्यांचे गुरू आणि गुरूंचे गुरू यांचे आभार. मध्येच कुणी ज्येष्ठ आत आलं, तर पुन्हा पहिल्यापासून. तक्रारी शंभर टक्के घटल्या.

सोमवारी मासे सुकवून विकणाऱ्या कुवाबारांच्या हृदयाची झडप बदलली. यंत्राने संध्याकाळीच इजा ओळखली आणि सुरुवात केली, "कामात त्रास देतोय, क्षमा असावी. यंदा बर्फ लवकर पडला..."

"अहो, लघवीच्या पिशवीत आता थेंबही पडत नाही," त्यांची बायको फुमिए म्हणाली. "हाक मारू का कुणाला?"

"थांब गं. ते बोलतंय ना? मध्ये तोंड घालू नये."

"बर्फाबद्दल बोलतंय ते!"

"मोठी माणसं मुद्द्यावर सावकाशच येतात."

नर्स आली, मान झुकवून ऐकत राहिली. कनिष्ठ डॉक्टर आले. यंत्र पुन्हा बर्फावर. त्यांचे वरिष्ठ आले, पुन्हा बर्फ. गुरुवारी खुद्द प्राध्यापक आले आणि त्यांच्या वर कुणी नसल्यामुळे यंत्र एकदाचं शेवटाला पोचलं: "...एका क्षुल्लक मूत्रपिंडाविषयी, सवड असल्यास."

"किती मर्यादेनं बोलतं!" प्राध्यापक म्हणाले. तोवर दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. (नोंद: इजा सोमवारीच ओळखली. यश.)

कुवाबारा आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतात. "मी ओरडायला हवं होतं हो," फुमिएबाई मला म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं. ओरडणाऱ्या नातेवाइकांनाही वळण लावावं, असा ठराव मी त्याच दिवशी मांडला.

तुम्ही हसताय. हसा. मागे तुमच्या घरचं माणूस खाटेवर होतं, डॉक्टरांनी दारातूनच विचारलं, "काही शंका?" तुमच्या खिशात प्रश्नांची चिठ्ठी तयार होती. आणि तुम्ही चटकन उभे राहून म्हणालात, "छे छे डॉक्टर, तुम्ही आहात ना!"