तोंडी ठराव

हिरवड्याच्या नगर वाचनालयात एका सोमवारपासून माणसांचे शब्द तोंडाबाहेर येईनासे झाले. खोकला यायचा, शिंक यायची, पंख्याची कुरकुर ऐकू यायची. बोललेलं मात्र उमटायचं नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की आवाज पूर्ववत. सुताराकडून उंबरा बदलून घेतला, फरक पडला नाही. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी 'शांतता उत्तम' असा शेरा मारला, तेव्हा तक्रार कोणाकडे करायची हा प्रश्नही मिटला.

मी तेव्हा कार्यकारिणीवर होतो. खरी अडचण झाली ती अध्यक्ष दिनकरराव मोहोळकरांची. त्यांना एक ठराव मांडायचा होता: खिडकीजवळची दोन कपाटं माळ्यावर टाकून तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी टेबलं मांडायची. त्या कपाटांत कर्णबधिरांचा इतिहास, त्यांची संस्कृती आणि सांकेतिक भाषा यांवरची पुस्तकं होती. जुन्या शाळांचे अहवाल, बहिऱ्यांच्या मंडळांचे फोटो, आत्मचरित्रं, खुणांचे सचित्र कोश. ती कपाटं हेमलताबाई ओतारी सांभाळायच्या. त्या जन्मापासून बहिऱ्या, कर्णबधिर शाळेत शिक्षिका आणि आमच्या कार्यकारिणीच्या सदस्य. बैठकीत त्या आमच्या ओठांकडे बघत बसायच्या आणि चहा आला की आम्ही त्यांच्याकडे कप सरकवायचो. त्यांचा सहभाग आम्ही तेवढाच ठेवला होता.

वाचनालयाच्या घटनेप्रमाणे बैठक वास्तूच्या आतच भरवावी लागते, आणि ठराव मांडणाऱ्याने तो स्वतः मांडावा लागतो आणि त्यावर चर्चा व्हावी लागते. कोणीतरी बाहेर पायऱ्यांवर बसू या म्हणालं. दिनकररावांनी साफ नकार दिला. घटना त्यांनीच लिहिली होती. मग चिठ्ठ्या फिरवून एक बैठक करून पाहिली. पहिल्याच मुद्द्यावर उत्तरं लिहिता लिहिता निम्मे सदस्य जेवायला निघून गेले.

तेव्हा दिनकरराव त्याच कपाटांपाशी गेले आणि त्यांनी खुणांचा कोश घरी न्यायला मागितला. कशासाठी, ते हेमलताबाईंना ठाऊक होतं. त्यांनी कोश दिला, वर शिकवायची तयारीही दाखवली. मी त्यांना कागदावर लिहून विचारलं, की तुमचीच कपाटं हलवायला त्यांना का शिकवता? त्यांनी खाली लिहिलं, "त्यांचं म्हणणं मला एकदा नीट कळू दे. मग हरवते त्यांना."

दिनकरराव रोज संध्याकाळी येऊ लागले. बोटं लवकर वळली, चेहरा मात्र ढिम्म. भुवया उचलल्या नाहीत तर तो प्रश्न होत नाही, हुकूम होतो, असं हेमलताबाई परोपरीने सांगत. बाकीचे सदस्यही शिकायला आले, कारण दिनकररावांना एकट्यालाच बोलता येणं कोणालाच परवडणारं नव्हतं.

कोश संपल्यावर दिनकररावांनी इतिहास वाचायला घेतला. त्यात एका शाळेची हकिकत होती, जिथे खुणा करू नयेत म्हणून मुलांना स्वतःच्या हातांवर बसवत. त्या पानावर त्यांनी बोट ठेवलं. मग त्यांनी हेमलताबाईंना खुणांनी सांगितलं, की त्यांची थोरली बहीण गोदूताई बहिरी आहे. ती शाळेतून खुणा शिकून आली होती, पण चारचौघांत हात हलवायचे नाहीत असं घरात ठरलं. त्यांना स्वतःला तिच्यासाठी तीनच खुणा येत होत्या: जेव, चल, पुरे.

हेमलताबाई म्हणाल्या, "उद्या घेऊन या त्यांना."

गोदूताई कडक इस्त्रीची साडी नेसून आल्या आणि हात पदराखाली धरून बसल्या. हेमलताबाईंनी नाव विचारलं. हळूहळू हात बाहेर आले. खुणा जुन्या वळणाच्या होत्या; काही तर हेमलताबाईंनाही नव्या, बाई त्या पुन्हा करून मागत होत्या. दोघी हसत होत्या.

मग दिनकररावांनी बहिणीला विचारलं, तिला काही हवं आहे का.

गोदूताई म्हणाल्या, "माझं ठरलेलं लग्न का मोडलं, ते सांग. मला कोणी सांगितलंच नाही."

दिनकररावांचे हात सांगू लागले. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या भाषेत दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नसेल तर तोंड फिरवावं लागतं, एवढं मी शिकलो होतो.

ठराव त्यांनी तरीही मागे घेतला नाही. मुलांना बसायला जागा हवीच होती. पुढच्या बैठकीत त्यांनी तो उभं राहून, व्यवस्थित मांडला. हेमलताबाईंनी शेवटपर्यंत पाहून घेतलं आणि मग उत्तर दिलं, "ही कार्यकारिणीची खोली महिन्यातून एकदा उघडते. ती मुलांना द्या. आपण कपाटांपाशी बसू."

दिनकररावांनी शेवटचं वाक्य पुन्हा करायला लावलं. त्यांना ते पहिल्याच खेपेला कळलं होतं, असं मला वाटतं. पण खात्री करून घेणं त्यांच्या स्वभावात होतं. मत त्यांनी स्वतःच्याच ठरावाला दिलं. बाकी कोणी दिलं नाही. ठराव फेटाळल्याचं त्यांनीच जाहीर केलं, अचूक खुणांनी.

बैठक संपवून आम्ही पायऱ्या उतरलो. दिनकरराव आणि त्यांना न्यायला आलेल्या गोदूताई अजून आतच होत्या. शिपाई दिवे मालवायला निघाला होता, त्याला हेमलताबाईंनी दारातच अडवलं. अंधारात त्या दोघांचं बोलणं तुटलं असतं.