मथुराबाईंचा नायक

एक गोष्ट सांगितल्याखेरीज मथुराबाई मला पोथी उघडू देत नाहीत.

"गुरजी, आदी सांगा, काळजी कोनाची करायची?"

फुलपाड्यातील आमच्या देवळात मी सायंकाळी पुराण सांगतो. मथुराबाई अर्नाळ्याच्या. दिवसभर बाजारात मासळी विकून, हातपाय धुऊन, त्या दाराशी येऊन बसतात. प्रथम मी त्यांना शास्त्र समजावले: नायक म्हणजे नेणारा, जो कथा पुढे नेतो आणि अखेरीस तिचे फळ ज्याच्या पदरी पडते, तो.

"फळ भेटंल तवा भेटंल," त्या म्हणाल्या. "जो अजून घरी पोचला नाय, तो नायक. बाकीचे घरीच हायत."

अलंकारशास्त्राच्या एवढ्या अध्ययनात ही व्याख्या मला कोठेही आढळली नव्हती.

यंदा राज्य गमावून अरण्यात भटकणाऱ्या एका राजाची कथा लावली होती. राजा नदी उतरू लागला की बाई अर्ध्या उठत. "भरती बगून उतर म्हनावं!" राजा उपाशी निजला, त्या दिवशी त्यांनी प्रसादाच्या शिऱ्याला हात लावला नाही. बँकेतून निवृत्त झालेले सावंत हसले. "अहो मावशी, राजा सुखरूप पोचला, त्याला हजारो वर्षं झाली!"

"तुमाला ठाव, मला ठाव. त्याच्या बायकोला ठाव हाय काय?"

मी मनोमन हात जोडले.

समाप्तीच्या आदल्या दिवशी सारे गेल्यावर त्या मागे थांबल्या.

"उद्या राजा पोचनार?"

"पोचणार. घरोघरी दिवे लागणार."

त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते. त्या पदराचे टोक चुरगाळीत राहिल्या.

"पोरानं बोट विकली, गुरजी. कामन गावाला गोदामात लागलाय. सांजंला घरी येतो, टीव्ही बगतो. देवाची किरपा. पन आदी सासरा, मंग नवरा, मंग पोर. दर्यावर आमचं कोन ना कोन असायचंच. आता वाट बगायची कोनाची? हा राजा हाय म्हनून सांज निघते."

पोथीत राजाचा परतीचा मार्ग एका श्लोकात संपतो. दुसऱ्या सायंकाळी मी त्या श्लोकातील पहिल्याच तीर्थाशी थांबलो आणि त्याचे माहात्म्य सांगू लागलो. सावंतांनी घड्याळ पाहिले. मथुराबाई मांडी सावरून बसल्या.

वाटेत अजून पुष्कळ तीर्थे होती.