व्यंकटनानांच्या पोटातला पट्टा

व्यंकटनानांना एखाद्या गावाचा रस्ता विचारला, की ते आधी तिथे काय खायला मिळतं ते सांगत. "नांदूरघाट ना? येसर आमटीचं गाव. जेवून निघालात की डाव्या हाताला वळा." उपाशी निघालेल्या माणसाने कुठे वळायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. असा माणूस गावातून बाहेर पडू शकतो, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

नाना म्हणजे केजमधले माझे शेजारी, बायको गेल्यापासून घरात एकटेच. साखर कारखान्याचे माजी संचालक, जिल्हा परिषदेला दोनदा पडलेले आणि तिसऱ्यांदा पडायची पूर्ण तयारी असलेले. आमच्याकडे पुढाऱ्याने रस्ता केला नाही तरी लोक सांभाळून घेतात. पाणी आलं नाही तर नशिबाला बोल लावतात. पण लग्नाला येऊन तो न जेवता गेला, तर त्याला माफी नाही. "साहेब हात लावून गेले फकस्त," एवढं एक वाक्य अख्खं पॅनल पाडू शकतं. नानांवर ही वेळ कधी आली नाही. दाट तिथीला ते पाच-सहा मांडवांत बसत आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्याच ठिकाणी आल्यासारखे जेवत. वाढप्याने जरा कमी वाढलं, की खालून आवाज येई, "हात आखडू नको बे, वाढ!" हा आवाज ऐकला की यजमानाला लग्न लागल्यासारखं वाटे.

जनसंपर्क असा वाढत गेला, तसे नानाही वाढत गेले. टेलर मापाची टेप घेऊन त्यांना प्रदक्षिणा घाली. त्यांची जीप रिकामी असतानाही एका अंगाला कललेली असे. नानांना याचं काही वाटत नव्हतं. वाटलं ते एका लग्नात. खाली पंगत बसत होती आणि नानांना मांडी घालता येईना. गुडघा दुमडला की पोट आडवं येई, पोट सावरलं की गुडघा सुटे. शेवटी वधूपित्याने धावपळ करून स्टेजच्या बाजूला टेबल-खुर्ची मांडली, त्यावर चादर घातली, प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली आणि नानांना तिथे एकट्याला जेवायला बसवलं. सगळ्यांना वाटलं, केवढा मान!

नाना घरी आले ते तोंड पाडून. "मास्तर," मला म्हणाले, "आज मला पंगतीतून उठवलं."

मी शाळेत चित्रकला शिकवतो. या विषयाच्या मास्तरला काम नसतं असा सर्वांचा समज असल्याने गावातली बरीच कामं माझ्याकडे येतात. तसं हेही आलं. आठवडाभरात नाना मला घेऊन पुण्याला निघाले. गावाला सांगितलं, "कारखान्याचं काम हाय." त्यांचा मुलगा पुण्यातच राहतो, पण त्यालाही कळवायचं नव्हतं. "पोराला कळलं की सुनंला कळतंय, आन् सुनंला कळलं की मोबाईलवर सगळ्या पाव्हन्यायला."

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. जठराच्या वरच्या भागाला पट्टा बसवायचा, म्हणजे थोडक्यात पोट भरतं. पट्ट्याला जोडलेली एक डबी कातडीखाली राहते. तिच्यात सुईने पाणी भरलं की पट्टा आवळतो, काढलं की सैल होतो. नाना खूश झाले. "म्हंजी कालव्याचं गेटच की! आवर्तन सोडायचं, आवर्तन बंद करायचं." मग खुर्ची पुढे ओढून हळूच विचारलं, "लग्नसराईपुरतं जादा आवर्तन मिळंल का?" डॉक्टर हसले नाहीत.

आहार सांगणारी मुलगी त्याहून कडक होती. घास सुपारीएवढा घ्यायचा, त्याची पेज होईपर्यंत चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही, आणि पोट भरल्यासारखं वाटलं की थांबायचं.

"ते कसं वाटतं?" नानांनी विचारलं. चेष्टा नव्हती ती. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

ऑपरेशन झालं, नाना परतले, आणि तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. पट्ट्याची गोष्ट बाहेर फुटता कामा नये. पुढारी जेवत नाही हे कळलं तर राजकारण संपलं. म्हणून प्रत्येक लग्नात मी त्यांच्या शेजारी. ते पूर्वीच्याच आवाजात "हात आखडू नको बे" म्हणून ताट भरून घेत, एक घास तोंडात टाकत आणि वरात निघेपर्यंत चावत बसत. मधल्या वेळात त्यांच्या ताटातली जिलेबी, बुंदी, पुऱ्या कुणाचं लक्ष नसताना माझ्या ताटात येत. वर मलाच मोठ्याने म्हणत, "मास्तर, जरा दमानं! लोक बघायलेत." ऑपरेशन त्यांचं झालं आणि टेलर मला प्रदक्षिणा घालू लागला. बायकोने तर मला विचारलंच, "तुमाला कुनी बाळंतीन समजून खाऊ घालायलंय का?"

मी नसलो की नाना उपवास काढत. सोमवार, चतुर्थी, एकादशी हे दिवस संपल्यावर त्यांनी स्वतःचे काही काढले. पाहता पाहता बातमी पसरली, की नाना देवाच्या मार्गाला लागले. एका गावच्या सप्ताहाच्या कमिटीने त्यांना उद्‌घाटनाला बोलावलं आणि "इंद्रियांवर विजय" या विषयावर दोन शब्द बोलायला लावलं. नाना बोलले, आणि छान बोलले. मी खाली बसून त्यांच्या वाटणीची खिचडी संपवत होतो.

विरोधी पार्टीने वेगळीच आवई उठवली. कुणी म्हणे चौकशी लागली म्हणून माणूस झिजला, कुणी म्हणे आतून काहीतरी मोठं दुखणं आहे, फार दिवस नाहीत. झालं! लोक भेटायला येऊ लागले. आणि आजारी माणसाला भेटायला आमच्याकडे कुणी रिकाम्या हाताने येत नाही. डिंकाचे लाडू आले, मेथीचे आले, धपाटे आले. येणारी प्रत्येक बाई पदराने डोळे टिपत म्हणे, "माज्या देखत एक तरी खावा." नाना एक तुकडा तोंडात धरून ठेवत. डबे माझ्याकडे येत.

याच काळात नानांनी एक शोध लावला. पट्टा घट्ट जेवण अडवतो, पातळ अडवत नाही. बासुंदी सुळकन खाली जाते. आमरस जातो. उसाचा रस तर काही विचारूच नका. दोन महिने वजनाचा काटा हलेना, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. नाना स्वतःच म्हणाले, "सायेब, मी कारखान्याचा मानूस. रसाला न्हाई कसं म्हनू?" त्या दिवशी आहारवाल्या मुलीने त्यांना मराठीतून असं काही झापलं, की परत येताना पाटोद्यापर्यंत ते बोलले नाहीत.

मग मात्र वजन उतरलं. खरोखर उतरलं. आणि एका लग्नात नाना टेबल-खुर्ची ओलांडून सरळ पंगतीत आले, सतरंजीवर बसले आणि त्यांनी मांडी घातली. आजूबाजूला काही घडलंय हे कुणाला कळलं नाही. नाना मात्र दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून, नव्या नवरदेवासारखे इकडेतिकडे बघत होते. त्याच आनंदात वधूच्या आजीने आग्रह केला म्हणून त्यांनी दोन पुऱ्या खरोखरच खाल्ल्या. संध्याकाळी छाती धरून बसले. पुण्याला नेलं, तर पट्टा जागचा थोडा सरकला होता. डॉक्टरांनी पट्टा सैल केला आणि निक्षून सांगितलं, पुढचे काही आठवडे फक्त पातळ. ताक, वरणाचं पाणी. भाकरीचा तुकडा गेला आणि पट्टा पुन्हा सरकला, तर पोट परत उघडावं लागेल, आणि या वयात, या शुगरला, ते सोपं नाही. नाना या वेळी घाबरले. ताकाची बाटली घेऊन हिंडू लागले.

आता नानांच्या दुसऱ्या खात्याबद्दल सांगायला हवं. लग्नांचं जसं त्यांच्याकडे होतं, तसं मयतीचंही होतं. आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही. भावकीतले, शेजारचे भाकरी आणि पिठलं घेऊन येतात आणि दुःखातल्या माणसाला पहिला घास भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. बाकीचे लोक तो घास उरकतात. दोन वेळा "खा, खा" म्हणायचं, ताट पुढे सारायचं आणि निघायचं. नानांचं तसं नव्हतं. ते त्या माणसासमोर जमिनीवर बसत, भाकरी मोडत आणि म्हणत, "माज्यासाठी एक घास." मग एक घास त्याला, एक स्वतःला. समोरचा रडत असला तरी नाना जेवत असत, इतकं मनापासून की थोड्या वेळाने तोही जेवू लागे. लोक म्हणत, मयतीतसुद्धा मतं मागतो. मलाही त्यात थोडं तथ्य वाटायचं. मांडी घालता येईनाशी झाल्यापासून मात्र त्यांना अशा घरी जाता येईना. खुर्चीवर बसून कडू घास कुणी भरवत नाही.

पुऱ्यांचं प्रकरण होऊन पंधरवडाही झाला नव्हता, आणि माझी आई गेली.

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, रडू आलं नाही. ते ओसरीवर भिंतीला टेकून बसले ते बसलेच. बहिणीने घास पुढे केला, त्यांनी मान फिरवली. मामा आले, सोयरे आले, ताटं आली तशी परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी पाण्याशिवाय पोटात काही नाही. पंच्याहत्तरीचं शरीर, किती तग धरणार? मी त्यांचे पाय धरले. "तू जा," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात नाना आले. आले ते सरळ अण्णांच्या समोर मांडी घालून बसले आणि बहिणीला म्हणाले, "ताई, पिठलं-भाकर आन."

मी अण्णांच्या मागून खुणा केल्या, डोळे मोठे केले, हात जोडले. नानांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"अण्णा, माज्यासाठी एक घास."

"मला न्हाई जात, व्यंकट."

"मलाबी न्हाई जात," नाना म्हणाले. "दोघं मिळून बघू जातंय का."

त्यांनी भाकरी मोडली. एक तुकडा अण्णांच्या ओठांजवळ धरला आणि दुसरा स्वतःच्या तोंडात घातला. अण्णा त्यांच्याकडे बघत राहिले. नाना चावत होते. गिळताना त्यांची मान ताठ झाली, डोळ्यांत पाणी आलं. अण्णांना वाटलं, ते पाणी आईसाठीच आहे. त्यांचा चेहरा एकदम मोडला आणि ते तोंड उघडून रडायला लागले. नानांनी त्या उघड्या तोंडात हळूच घास ठेवला. "चावा. रडत रडत चावा, चालतंय." अण्णा चावू लागले. मग आणखी एक घास त्यांना, एक नानांना. अर्धी भाकरी संपेपर्यंत नाना उठले नाहीत. मी दाराला धरून उभा होतो आणि त्या माणसाच्या प्रत्येक घासाला माझा जीव वरखाली होत होता.

हात धुवायच्या निमित्ताने नाना मागच्या दारी गेले. मी तांब्या घेऊन धावलो. शेवग्याच्या झाडाला धरून ते ओकत होते. सगळं पडून गेल्यावर पायरीवर बसले, चूळ भरली. चेहरा पांढराफटक.

"गाडी काढतो, पुण्याला जाऊ," मी म्हणालो.

"जाऊ. जरा बसू दे."

मी चिडलो होतो. "नाना, तुमाला कळतंय का? जीव गेला असता! एवढं कशापायी केलं? इथं कोन मतं मोजायलंय?"

नानांनी तांब्या खाली ठेवला.

"तुज्या काकू गेल्या तवा," ते म्हणाले, "अख्खा तालुका आलता दारात. समद्यांनी हात जोडले, समदे गेले. मला कुनी म्हनलंच न्हाई, की व्यंकट, एक घास खा. लोकायला वाटलं, ह्याला काय सांगायचं? हा तर खानारच." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "लई वाट बघितली, मास्तर. मग सैपाकघरात गेलो, एकट्यानंच भाकरीचं टोपलं पुढं घेतलं आन् खाल्लं. तवापासून खातच गेलो बघ."

मी नुसता त्यांच्याजवळ बसलो.

मागे पावलं वाजली. अण्णा दारात उभे होते. कालपासून ते पहिल्यांदाच जागचे उठले होते. त्यांनी किती ऐकलं मला ठाऊक नाही. आत जाऊन त्यांनी बहिणीला काहीतरी विचारलं, आणि थोड्या वेळाने थरथरत्या हातात ताकाची वाटी घेऊन बाहेर आले. भिंतीला धरत धरत पायरी उतरले आणि नानांच्या शेजारी टेकले.

"हे जातंय का?" त्यांनी विचारलं.

"जाईल," नाना म्हणाले. "पन आता नगं, अण्णा."

अण्णांनी वाटी त्यांच्या ओठांजवळ नेली. थोडं ताक नानांच्या सदऱ्यावर सांडलं.

"व्यंकट," ते म्हणाले, "माज्यासाठी एक घोट."

नानांनी त्यांच्याकडे बघितलं. मग अण्णांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखं तोंड पुढे केलं.