खळग्यांतल्या हवेचा दाखला

लुधियानाच्या सुरजन सिंगांनी स्पितीतल्या सरकारी शाळांसाठी चारशे थर्मल शर्ट विणून शिवले, हा काही गुन्हा नव्हता. गुन्हा पुढे शोधण्यात आला. त्यांची लेक मनरीत त्यांपैकीच एका शाळेत शिकवायची आणि रोज फोनवर एकच विचारायची, "पापाजी, पोरं कुडकुडतायत. बर्फानं खिंड बंद व्हायच्या आत येतील ना?"

माल घेणाऱ्या सरकारी खात्याचे तपासनीस तिलकराज घई यांनी कापड चाचपलं. मग खिशातून भिंग काढलं.

"सरदारजी, कापडाला खड्डे आहेत."

"वीणच तशी आहे जी. चौकोनी खळगे. त्यांत हवा अडकते, तीच ऊब धरते."

"म्हणजे मालात हवा आहे." घईंनी लिहून घेतलं. "मागणीपत्रात हवा नाही. कुठली म्हणायची ही?"

"कुठली म्हणजे? इथलीच, लुधियानाची!"

इथे सुरजन सिंगांनी आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला. हवा लुधियानाची म्हटल्यावर प्रदूषण कार्यालयाचा दाखला लागणारच. त्या कार्यालयानं एक शर्ट आठवडाभर ठेवून घेतला आणि कळवलं, की सदर हवा लहान मुलांच्या अंगास लावण्यास अयोग्य आहे.

"अहो, अंगात घातल्यावर तिकडचीच हवा भरते त्यात!" सुरजन सिंग ओरडले.

घई दचकले. "तिकडची? दुसऱ्या राज्याची? परवाना आहे?"

मग समिती बसली. पाचही सदस्यांनी तपासणीसाठी एकेक शर्ट अंगात चढवला आणि घाम पुसत तीन बैठका उरकल्या. ठराव एकमतानं झाला: मालातील हवा काढून माल पुरवावा. समितीच्या अंगावरचे पाच सोडून बाकी सगळे शर्ट वाफेच्या रुळाखाली दाबले गेले. पार पापड झाले त्यांचे.

घईंनी कौतुकानं हात फिरवला. "आता कसं! एक खड्डा नाही. आमच्या रस्त्यांनाही हे जमलं नाही, सरदारजी."

सुरजन सिंगांना रडू फुटलं. घईंनी ती कृतज्ञता समजून शिक्का मारला.

खिंड बंद व्हायच्या आदल्या दिवशी माल पोचला. समितीच्या अंगावरचे पाच नमुने मात्र खळग्यांसकट सदोष असल्यानं शाळेला देणं नियमात बसेना. सदस्य बिचारे मनावर दगड ठेवून ते अजून वापरताहेत.

वाटपाचा फोटो तुम्हीही पाहिलाय. मागे बर्फ, पुढे रांगेत मुलं, अंगात नवे कोरे शर्ट. फोटो जरा हलल्यासारखा वाटला ना? मनरीतचा हात अगदी स्थिर होता हो. मुलं थरथरत होती. तुम्ही त्यावर लाल बदाम टाकलात, "किती गोड!" म्हणून चौघांना पाठवलात, आणि पांघरूण मानेपर्यंत ओढून घेतलंत.