बघूक तिकीट नाय

परबकाका कुठल्याही जुन्या वास्तूत शिरण्याआधी दारात थांबत, खाकरत आणि आतल्या अंधाराला विचारत, "येव काय?" मग मान तिरकी करून ऐकत. होकार आलासा वाटला तरच पाऊल पुढे. एकदा फोर्टातल्या एका बंद गोदामापुढून ते तसेच मागे फिरले. मी कारण विचारलं. "नको म्हणतत," एवढंच म्हणाले आणि भराभर चालू लागले. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

घाटकोपरच्या आमच्या चाळीत ते माझ्या शेजारच्या खोलीत एकटे राहत. बायको फार पूर्वी गेलेली. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीचे लोक गावाकडे परतले, कुणी वॉचमन झाले. काका आठवडाभर एका वाण्याकडे पुड्या बांधत आणि रविवारी मुंबई बघायला निघत. तीस वर्षांत आपण इथला फक्त भोंगा ऐकला, बंदर बघितलंच नाही, अशी त्यांची तक्रार होती.

खिशात पाच रुपये, वर एक पैसा नाही. जास्त घेतले की जास्तीची भूक लागते म्हणत. जाता-येता बस, एक कटिंग चहा, बाकी सगळी अकरा नंबरची बस, म्हणजे स्वतःचे दोन पाय. मशीद बंदरापासून अपोलो बंदरापर्यंत कुठल्या नळाला पाणी असतं, कुठल्या बँकेच्या पायऱ्यांवर दुपारी सावली पडते, कुठला पहारेकरी मालवणचा म्हणून आत सोडतो, सगळं पाठ. भाऊच्या धक्क्यावर तर तासभर बोटी न्याहाळत उभे राहायचे. कुणी हटकलंच तर ठरलेलं उत्तर : "बघूक तिकीट नाय!"

त्या वर्षी माझी बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. रविवार खायला उठायचा, म्हणून मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो.

एका रविवारी शिवडीचा किल्ला बघून झाला. ओहोटी होती. खाली लांबवर नुसता चिखल, आणि त्यात तिरक्या पडलेल्या दोन होड्या. काका म्हणाले, "चल, जेवूक शेजाऱ्यांकडे जावया." मला वाटलं, कुणी गाववाला असेल, गरम कालवण मिळेल. त्यांनी मला नेलं ते थेट गोऱ्यांच्या एका जुन्या कबरस्तानात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या बंदरात येऊन मेलेले खलाशी तिथे पुरले होते.

फाटकाशी काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं. या वेळी ते बराच वेळ ऐकत राहिले. "आज एक जण गप आसा," ते हळूच म्हणाले.

आत शिरल्यावर एकेका दगडापुढे थांबून त्यांनी ख्यालीखुशाली सुरू केली. वाण्याने पगार कापला, पाण्याचा नळ फुटला, क्रिकेटमध्ये तुमचे लोक हरले. प्रत्येक वाक्यानंतर थांबत. मध्येच हसत, जणू पलीकडून कुणी टोमणा मारला.

"काका, या साहेबांना मालवणी कळते?"

"मेल्यार सगळ्यांक सगळा समाजता."

ते पुढे गेले. मी झाडाखाली रुमाल पसरून बसलो. वारा पडला होता, एक पान हलत नव्हतं. तेवढ्यात अगदी माझ्या मानेमागे कुणीतरी खाकरलं. मी वळलो. मागे फक्त भिंत होती.

चप्पल तिथेच टाकून मी काकांकडे पळालो. सांगितलं, तर म्हणाले, "इचारत असतले, ह्यो नवीन कोण म्हणान." त्यांची नजर मात्र खाली होती. झाडाची फांदी पडून एका कबरीच्या दगडाचे तीन तुकडे झाले होते. "ह्योच तो गप ऱ्हवलेलो," ते म्हणाले. फाटकातून ही जागा दिसणं शक्य नव्हतं. 

आम्ही फांदी ओढून काढली, तुकडे जुळवले. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. "काय लिवलाहा रे?"

मी बोटाने माती पुसली. "नाव जेम्स. वय बावीस. जहाजावरून पडून मेला."

काका दगडाशेजारी बसले. "बावीस? माझो एका वर्षान मोठो."

त्यांना मुलगा होता हे चाळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी तुटक तुटक सांगितलं. तो बोटीवर खलाशी होता. कुठल्याशा थंड मुलखातल्या बंदरात तापाने गेला. पत्र आलं तेव्हा महिना उलटला होता. "थयच पुरल्यानी. अग्नी देवूक मी नाय. गावाचा नाव पण माका धड घेवक येना नाय."

जेम्सच्या दगडावरची माती ते हाताने झटकत राहिले. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "थयसर पण माझ्यासारखो कोणतरी रिकामो म्हातारो असतलो मां? रविवारचो येऊन बसत असात?"

"असणारच, काका," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मोडून माझ्या हातावर ठेवली आणि जेम्सला सांगू लागले, की चाळीतल्या सावंतांच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा बरा आहे, फक्त जरा बुटका आहे.